तुम्ही विचारलंत म्हणून : वर्ध्याची असून कळलं कसं नाही?

नणंदेने विचारलं, शाळेतल्या बायकांनी विचारलं, आणि परवा एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या बाईंनी माझ्या ताटाकडे बघत विचारलं. "तुम्ही तर वर्ध्याच्या. स्वतःला झालेला महारोग तुम्हाला ओळखू आला नाही?" आता एकदाच लिहून टाकते.

हो, वर्ध्याची. मनोहरजी दिवाणांनी महारोग्यांसाठी १९३६ साली सुरू केलेलं दत्तपूर गावाला लागून. सेवाग्रामात गांधीजी महारोग झालेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यामुळेच माझ्या मनात या रोगाचं एक चित्र पक्कं झालं होतं : पट्ट्या बांधलेले हात, झडलेली बोटं. त्यात शिक्षिका. दर ३० जानेवारीला, कुष्ठरोग निवारण दिनी, मीच फळ्यावर लिहायचे, 'न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा'. माझ्या अंगावर असा एकही चट्टा नव्हता. आरोग्य खात्याची आशाताई घरोघरच्या तपासणीला दारात आली, तेव्हा "चट्टा नाही" हे मी तिला अगदी खरं सांगितलं.

चट्टा उठायला शरीराला त्या जंतूशी झगडावं लागतं, हे मला फार उशिरा समजलं. माझ्या शरीराने झगडा केलाच नाही. जंतू सगळीकडे सारखे पसरले, त्यामुळे कडा नाही, डाग नाही, सुरुवातीला बधिरपणाही नाही. कातडी नुसती जाड आणि चकचकीत होत गेली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. "चेहऱ्यावर काय तेज आलंय," असं लोक म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. मेक्सिकोत लुसिओ आणि अल्वाराडो या डॉक्टरांनी १८५२ मध्ये असाच एक पसरट प्रकार नोंदवला होता. तिथे त्याला 'लेप्रा बोनिता' म्हणतात, म्हणजे सुंदर कुष्ठरोग. माझा प्रकार अगदी तोच नव्हे, पण ते नाव वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरं तर पहिल्यांदा कळलं ते सोनाराला. भाचीच्या साखरपुड्यासाठी लग्नातल्या मोत्यांच्या कुड्या काढल्या. दांडी कानात गेली, पण मागून टोक बाहेरच येईना, फिरकी लागेना. पाळी दाबली तर शिजलेल्या शेंगेसारखी गुबगुबीत. सोनाराने कुडी हातात घेतली, मग माझ्या कानाकडे पाहिलं, मग दुसऱ्या कानाकडे. म्हणाला, "ताई, दांडी तीच आहे. तुमची पाळी जाड झालीय. दोन्हीकडची. डॉक्टरांना दाखवा." मी म्हटलं, "वजन वाढलंय, तुम्ही दांडी वाढवून द्या." त्याने वाढवून दिली. मी त्या घालून मिरवलेही.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. नाक चोंदायचं, त्याला धूळ म्हटलं. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली, तेव्हा थायरॉइड तपासला. तो नॉर्मल आला, मग पेन्सिल आणली. पुढे ताप, आणि हातापायांवर लाल, ठणकणाऱ्या गाठी. एका डॉक्टरांनी संधिवात म्हणून स्टिरॉइड दिलं. त्याने इतका आराम पडला की मी त्यांचे आभार मानले. त्यांच्यावर मी आजही चिडते, आणि लगेच वाटतं, त्यांनी चट्टा आहे का विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने ट्यूबलाइट बंद केली आणि मला खिडकीशी उभं केलं. कोपरामागची नस बोटाखाली फिरवून पाहिली. मग कानाची पाळी चिमटीत घट्ट धरली, रक्त मागे सरेपर्यंत, आणि ब्लेडने बारीकशी चीर देऊन आतलं खरवडून काचेवर घेतलं. जंतूंची मोजणी शून्य ते सहा असते. माझी पाच आली.

बारा महिन्यांत औषधांची बारा पाकिटं घेतली. त्यातल्या क्लोफाझिमिनने चेहरा तांबूस काळा पडला, तो अजून पूर्ण निवळलेला नाही. आईला तपासून खबरदारी म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस दिला. आणि ताटाकडे बघणाऱ्या बाईंसाठी सांगते : औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो, आणि माझं तर ते पूर्णही झालंय. तुम्ही माझ्या पंगतीत निर्धास्त बसा.

'चट्टा नव्हता' हे मी वर जे ठासून लिहिलं, तिथे एक गोष्ट राहिली. परवा शाळेच्या कपाटात ते ३० जानेवारीचं जुनं माहितीपत्रक सापडलं. पहिल्या ओळीत चट्टा आहे. त्याखाली लिहिलंय : तेलकट, चकाकणारी त्वचा. भुवयांचे केस विरळ होणे. कानाच्या पाळ्या जाड होणे. फळ्यावर मी दरवर्षी पहिलीच ओळ उतरवत होते. खालच्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या, की वाचल्या होत्या म्हणून पेन्सिल आणली? कधी वाटतं, खरंच माहीत नव्हतं. कधी सोनाराच्या दुकानातला माझा घाईघाईचा आवाज आठवतो, "तुम्ही दांडी वाढवून द्या," आणि मग तसं वाटत नाही.