डाग शोधायचा टीव्ही

दिवाळीच्या बोनसमधून ५५ इंची टीव्ही घेतला आणि पहिले चार दिवस एकही कार्यक्रम पाहिला नाही. पाहिला तो डाग तपासायला लावलेला नुसता राखाडी पडदा. त्यावर डाव्या कोपऱ्यात पुसट ढगासारखा डाग. मग काळा पडदा लावला, दिवे घालवले, तर खालच्या कडेने उजेड झिरपताना दिसला. मोबाईलने फोटो काढला, त्यात तर वणवाच पेटलेला! अंधारात कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

एलईडी म्हणतात त्या टीव्हीतही पडदा असतो एलसीडीचाच. मागचे दिवे सतत जळतात, पुढचा थर ते अडवतो. थोडा उजेड निसटणारच. फोर-के पडद्याला ८२,९४,४०० ठिपके. मी त्यातला एक मेलेला, म्हणजे न उजळणारा, ठिपका भिंगाने शोधत होतो. (भिंग आजोबांचं, पंचांग वाचायचं.)

तेवढ्यात माय आत आली. "काय करी ऱ्हायना रे अंधारामा?"

डाग दाखवला. तिने पदराने काच पुसली आणि म्हणाली, "आते दखाय का?"

रविवारी शेतातून भरताची वांगी आली. काट्यांवर भाजली, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी झाल्या, ताटं टीव्हीपुढेच मांडली. मॅच लागली. हिरवंगार मैदान, चेंडूची शिवण दिसेल इतकं स्वच्छ. तिसऱ्या षटकात कॅमेरा आडवा फिरला तेव्हा डाग दिसला बहुतेक. तेवढ्यात विकेट पडली, आणि माझ्या हातातलं भरीत सतरंजीवर.

तो डाग मात्र अजून निघालेला नाही.