तैपेईचं लुंगशान मंदिर: इथे देवाला कौल लावतात

तैवानची राजधानी तैपेई, तिथल्या मेट्रोच्या निळ्या मार्गावर लुंगशान मंदिर याच नावाचं स्टेशन आहे. बाहेर आलात की बाग ओलांडायची, समोरच मंदिर. प्रवेश फुकट. देवळाकडे तोंड केलं की उजवीकडचं ड्रॅगनचं दार आत जायला, डावीकडचं वाघाचं बाहेर यायला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

चीनच्या फूच्यान प्रांतातून आलेल्या लोकांनी १७३८ मध्ये हे बांधलं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य गाभारा जळाला, पण क्वानयिनची मूर्ती वाचली. क्वानयिन म्हणजे बौद्ध परंपरेतला आपला अवलोकितेश्वर, इथे देवीच्या रूपात. मागच्या बाजूला दर्यावर्दींची माझू, योद्धा क्वान यू, परीक्षेचा वनछांग. कोणता देव बौद्ध, कोणता चिनी ताओ धर्मातला, याची चौकशी भाविक करत नाहीत. वनछांगपुढे मुलं हॉलतिकिटाच्या झेरॉक्स ठेवतात.

खरी गंमत कौलाची. कोकण-गोव्यात कौल लावताना पाहिलं असेल तर इथे परकं वाटणार नाही. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. मनात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि प्रश्न सांगून ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर वर आला तर होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आले की देव हसला. म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही, पुन्हा विचारा. होकार मिळाला की नंबराची काडी ओढायची आणि ती हीच का, हेही तुकडे टाकून विचारायचं. मग त्या नंबराच्या खणातला कागद घ्यायचा. त्यावर जुनी चिनी कविता असते, फोनवरच्या भाषांतराने तिचा चुराडा होतो. लग्न जुळवणाऱ्या युए लाओकडचा लाल धागा हवा असेल तर सलग तीन होकार लागतात. तिथे तरुणांची रांग असते; फोटो काढायला त्यांच्या तोंडासमोर उभे राहू नका.

उदबत्ती नेऊ नका. २०२० पासून इथे ती पेटवत नाहीत, नुसते हात जोडतात. फुलं, फळं, बिस्किटं टेबलावर ठेवायची आणि नंतर आपलीच घरी न्यायची. वेळ एकदाच मिळणार असेल तर सामूहिक पठण चालू असताना जा. पुस्तक हातात धरून शेजारपाजारच्या बायका तालात म्हणतात, पाहुण्याने कडेला उभं राहावं.

शाकाहारी मंडळींनो, तैवानमध्ये शाकाहारी खानावळीच्या पाटीवर बरेचदा स्वस्तिक असतं. तरी कांदा-लसूण नसलेलंच हवं असेल तर विचारून घ्या. मंदिराशेजारच्या गल्लीत औषधी वनस्पतींचे काढे थंडगार मिळतात. कडू असतात, लहान पेलाच मागा.