बोहेमिया, १४०३: मुक्काम पोस्ट रट्टाय

पुण्याहून १४०३ सालच्या बोहेमियाला, म्हणजे आजच्या चेकियाला, जायला व्हिसा लागत नाही, यूपीएस लागतो. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' या व्हिडिओ गेममध्ये मनात येईल तेव्हा सेव्ह करता येत नाही. मोहिमेच्या ठरावीक टप्प्यांवर ते आपोआप होतं. एरवी स्वतःच्या पलंगावर झोपायचं, न्हाणीघर गाठायचं, नाहीतर सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू ढोसायची. गेम बंद करून उठताना सेव्ह करायची सोय नंतरच्या पॅचने दिली, पण ते सेव्ह पुन्हा बसलात की वापरून संपतं. डेस्कटॉपवाल्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजने २०१८ मध्ये आणलेला हा गेम. जादू नाही, ड्रॅगन नाहीत. हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याच्या फौजेने स्कालित्स हे चांदीच्या खाणींचं गाव लुटलं, ही इतिहासातली घटना, आणि तिथून जीव घेऊन पळालेला लोहाराचा पोरगा हेन्री म्हणजे आपण. त्याच सुमाराला इकडे दख्खनच्या गादीवर फिरोजशाह बहमनी होता आणि परंपरेने सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ चालू होता. हेन्रीच्या भुकेचा आकडा खाली सरकताना मला हटकून तोच आठवतो.

तर आधी पोटाचं बघू. पोषणाचा आकडा १०० च्या आसपास ठेवायचा. वर गेला की अति खाल्ल्याने हेन्री जड होतो आणि दम लवकर लागतो. सिंहगडावर पिठलं-भाकरी चापून लगेच उतरायला लागल्यावर होतं तेच. पिशवीतलं मांस, फळं चक्क नासतात, म्हणून लांबच्या वाटेला सुकवलेलं सोबत घ्या. त्याहून सोपं म्हणजे घराघरांत चुलीवर रटरटणारी हंडी. तिच्यातलं खाल्लं तर चोरी धरत नाहीत. नकाशावर बोट ठेवून झटपट प्रवास केला तरी वेळ जातोच, भूक लागतेच, आणि वाटेत लुटारू आडवे आले तर अर्धपोटी लढावं लागतं.

हेन्रीला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी दिसतात, पाककृतीसुद्धा. उझित्स गावच्या लेखनिकाकडे शिकवणी लावेपर्यंत हे असंच राहतं. निरक्षर माणसाला पान कसं दिसत असेल, हे दाखवायची याहून नेमकी युक्ती मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेली नाही.

श्नॅप्स विकत महाग पडतो, घरी बनवलेला परवडतो. एका खेपेला दोन नेटल (खाजकुटी पाल्याचं झुडूप) आणि एक बेलाडोना (विषारी रानवनस्पती). नेटल कुंपणाकडेला, पडक्या भिंतींपाशी रग्गड मिळतं. बेलाडोना रानातल्या सावलीत शोधावी लागते. (वनस्पती गोळा करत राहा. 'लेग डे' हा पर्क, म्हणजे कौशल्य वाढलं की निवडता येणारा खास गुण, घेतला की वाकून वाकून ताकदसुद्धा वाढते!) रट्टाय या गावातल्या वैद्याकडे किमयेचं, म्हणजे काढे बनवायचं, मेज आहे, पण दिवसा जा, रात्री शिरलात तर घुसखोरी ठरते. काढ्याचा आधार म्हणून वाइन निवडा, पाण्याने जमत नाही. बेलाडोना आधीच खलात कुटून ताटलीत तयार ठेवा, कारण गडबड होते ती इथेच: हंडा विस्तवावर, माणूस खलापाशी, आणि नेटल जास्त शिजून जातं. नेटल टाका, हंडा खाली विस्तवावर घ्या, भात्याने उकळी आणा आणि वाळूचं घड्याळ दोनदा उलटा. हंडा वर उचला, बेलाडोनाची पूड घाला, पुन्हा खाली घेऊन एक फेरा. मग बाटलीत ओता. हंडा वर टांगलेला असतानाच घड्याळ उलटलं, तर तो फेरा पाण्यात. आणि एकामागून एक बाटल्या रिचवू नका, हेन्रीला खरोखर चढते.

लढाईचा पाया रट्टायच्या आखाड्यात कॅप्टन बर्नार्डकडे घाला. पहिल्या धड्यावर समाधान मानू नका, परत जाऊन मास्टर स्ट्राइक, म्हणजे वार अडवता अडवताच उलटा वार करायची युक्ती, शिका. त्याच्याशिवाय पुढचे चकमकबाज सोलून काढतात. समोरच्याच्या अंगावर काय आहे ते बघून हत्यार काढा. पत्र्याच्या चिलखतावर तलवार नुसती खणखणते, तिथे गदा हवी. स्वतः घालताना थर उलटे करता येत नाहीत: आत गादीसारखा शिवलेला जाड अंगरखा, त्यावर कड्यांची जाळी, सगळ्यात वर पत्रा. एवढं चढवलं की प्रत्येक पावलाला आवाज होतो, आणि शिरस्त्राणाची झडप पाडली की जग दोन फटींएवढं उरतं. तीन जण एकदम आले तर त्या फटीतून एकच दिसतो, बाकीचे पाठीत घालतात. मागे सरकत सगळ्यांना एका बाजूला ठेवा, नाहीतर सरळ पळा. धनुष्याला तर नेम धरायला ठिपकासुद्धा नाही.

एका माणसाच्या पोटाऐवजी आख्ख्या गावाचं पोट सांभाळायचं असेल तर 'मॅनर लॉर्ड्स' हा दुसरा गेम आहे. २०२४ मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच, विक्रीला आला, म्हणून आकड्यांवर विसंबू नका, ते बदलतात. चौदाव्या शतकाच्या अखेरचं जर्मनीतलं फ्रँकोनिया, हाताशी मूठभर कुटुंबं आणि एकच बैल. ओंडके ओढतो तो बैल, त्यामुळे चार इमारतींचे आराखडे एकदम टाकले की सगळा गावगाडा त्याच्यापाशी अडतो. एकेक इमारत पुरी करा आणि पहिली बचत दुसऱ्या बैलावर घाला. बोरं-बेऱ्या थंडीत येत नाहीत आणि जळण त्याच वेळी जास्त लागतं. लाकूडतोड्यांना पानगळ सुरू व्हायच्या आत कामाला लावलं नाही, तर पहिलाच हिवाळा महागात जातो.

परत हेन्रीकडे. रट्टायहून ससाऊ या मठाच्या गावाला निघताना अंधार होणार असेल तर मशाल घ्या. वस्तीत बिनमशालीचा माणूस पहारेकरी हटकतात. पोचल्यावर आधी हौदावर तोंड धुवा, कपडे धुवायला टाका. रक्ताने माखलेल्या माणसाशी तिथे कोणी धड बोलत नाही, दुकानदारही नाही. मग मठाकडे मान वर करून बघा. गेममध्ये तिथे परांच्या बांधलेल्या आहेत, गवंडी कामावर आहेत. ससाऊ म्हणजे खरं साझावा, आणि तिथलं ते गॉथिक चर्च आजही अर्धवटच उभं आहे.