वजन सारखे की आकार सारखा?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उष्णता’ या प्रकरणात एक प्रयोग आहे. लोखंड, तांबे आणि शिसे यांचे सारख्या वस्तुमानाचे भरीव गोळे उकळत्या पाण्यात काही वेळ ठेवायचे आणि एकाच वेळी बाहेर काढून मेणाच्या जाड थरावर ठेवायचे. लोखंडाचा गोळा सर्वांत खोल रुततो, शिशाचा सर्वांत कमी आणि तांब्याचा या दोहोंच्या मधे; ज्याने जास्त उष्णता साठवली, तो जास्त मेण वितळवून खोल जातो. मुले प्रयोगवहीत लिहून मोकळी होतात: स्वतंत्र चल (आपण बदलतो ते) धातू, अवलंबी चल (त्यामुळे बदलते ते) खोली, बाकी सर्व नियंत्रित, म्हणजे सारखे ठेवलेले. माझा आक्षेप या ‘बाकी सर्व’ला आहे, कारण प्रयोगाची खरी मेहनत तिथेच असते.

तापमानाचेच पाहा. गोळे बर्नरच्या ज्योतीवर धरले, तर ते सारखे तापले असे छातीठोकपणे सांगता येत नाही. उकळत्या पाण्यात मात्र, पुरेसा वेळ दिल्यास, तिन्ही गोळे पाण्याच्याच तापमानाला येऊन स्थिरावतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्या प्रयोगशाळेत पाणी 100 नव्हे, तर 98 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. त्याने निष्कर्षाला बाध येत नाही, कारण तिन्ही गोळ्यांना तापमान एकच मिळालेले असते.

वस्तुमानाचा प्रश्न याहून अवघड आहे. “सर, शिशाचा गोळा एवढासा का?” असे कोणी विचारले की मला फार बरे वाटते. शिशाची घनता लोखंडाच्या जवळजवळ दीडपट आहे. म्हणजे वजन सारखे ठेवले की आकार बदलणारच आणि आकार सारखा ठेवला की वजन. दोन्ही एकदम सारखे ठेवता येत नाहीत, त्यामुळे निवड करावी लागते. पुण्याच्या बोहरी आळीत, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारात, गोळे घ्यायला गेल्यास व्यास सांगूनच मागणे सोयीचे असते, पण ती सोय इथे महागात पडते. एक घन सेंटिमीटर धातूचे तापमान एक अंशाने वाढवायला लोखंडासाठी सुमारे 0.85, तांब्यासाठी 0.82 आणि शिशासाठी 0.35 कॅलरी उष्णता लागते. सारख्या आकाराच्या गोळ्यांत लोखंड आणि तांबे यांतला फरक असा जवळजवळ पुसला जातो. विशिष्ट उष्माधारकतेची, म्हणजे पदार्थाचे तापमान एक अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेची, व्याख्या एकक वस्तुमानावर बेतलेली आहे, म्हणून पुस्तक वस्तुमान सारखे ठेवायला सांगते.

तरीही आकार मोकळाच राहतो आणि त्याचा परिणाम खोलीवर होतो. तेवढ्याच उष्णतेने लहान गोळा अरुंद पण खोल खड्डा पाडील. म्हणजे आकाराचा फायदा शिशाला मिळायला हवा. तो मिळूनही शिसे मागे पडते, यावरून त्याने साठवलेली उष्णता किती कमी आहे हे अधिकच ठळकपणे दिसते.

म्हणून मी मुलांना प्रत्येक नियंत्रित चलापुढे ते सारखे कसे ठेवले, हे लिहायला लावतो: तापमानापुढे उकळते पाणी, वस्तुमानापुढे तराजू, मेणापुढे एकाच ताटातला सारखा जाड थर. गोळ्याला चिकटून आलेले पाणी आणि मेणावर ठेवायला लागलेला वेळ यांचीही नोंद तिथेच होते. आकारापुढे मात्र ‘सारखा नाही’ असेच लिहायचे आणि त्याचा कल कोणत्या बाजूला आहे, हे एका वाक्यात सांगायचे.