पाटीवरचे घर क्रमांक

२०२३ च्या गणपतीसाठी आम्ही १४ सप्टेंबरला लंडनहून साताऱ्याला निघालो, तेव्हा आमची गाडी राहत्या गल्लीतच, रहिवाशांसाठी राखलेल्या पार्किंगमध्ये उभी होती आणि तिचा परवाना पुढल्या मार्चपर्यंत चालू होता. ७ ऑक्टोबरच्या रात्री परतलो, तर गाडीच्या जागी मोकळा रस्ता. चोरीची तक्रार नोंदवण्यासाठी मी फोन हातात घेतलाच होता, इतक्यात समोरच्या घरातले निवृत्त गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले की, मंगळवारी क्रेनवाले येऊन ती घेऊन गेले. लंडनमध्ये उचललेली गाडी कोणत्या आवारात नेली आहे, हे सांगणारी 'ट्रेस' नावाची सेवा आहे. तिथे गाडीचा क्रमांक दिल्यावर पत्ता मिळाला.

दुसऱ्या दिवशी त्या आवारातल्या खिडकीशी मी ४६५ पाउंड भरले. पंधरवड्याच्या आत भरल्यामुळे निम्मा झालेला ६५ पाउंड दंड, गाडी सोडवण्याचे २०० आणि ठेवणावळीचे दिवसाला ४० याप्रमाणे पाच दिवसांचे २०० असा तो हिशेब होता. (२०२५ च्या एप्रिलपासून गाडी सोडवण्याचा दर २८० आणि ठेवणावळ दिवसाला ५५ पाउंड झाली आहे, त्यामुळे आज हाच हिशेब बराच जड जाईल.) काचेवर लावलेला साधा दंड भरून टाकला की त्या प्रकरणावर पडदा पडतो आणि मग तक्रारीला जागा उरत नाही, हे मला ठाऊक होते, म्हणून कार्ड पुढे करताना हात अडखळत होता. उचललेल्या गाडीचा नियम मात्र उलटा आहे. तिथे आधी पैसे भरून गाडी ताब्यात घ्यायची, आणि त्यानंतरच हरकत घेण्याचा हक्क सुरू होतो. तो हक्क लेखी कळवणारा कागद पैसे घेणाऱ्यानेच द्यायचा असतो. मला तो मिळाला, पण पावतीच्या मागे टाचलेला, आणि घरी येऊन दिवा लावेपर्यंत माझ्या लक्षातही आला नाही. हरकतीसाठी २८ दिवसांची मुदत होती.

"अरे, मग पोलीस चौकीत जाऊन भेट ना कुणाला तरी," असे आईने फोनवर सुचवले. आपल्याकडे गाडी वाहतूक पोलीस उचलून नेतात, त्यामुळे तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. लंडनमध्ये मात्र गेल्या शतकाच्या नव्वदीच्या दशकात पार्किंगचे बहुतेक गुन्हे फौजदारी कायद्यातून काढून दिवाणी केले गेले आणि त्यांची अंमलबजावणी पोलिसांकडून कौन्सिलांकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकांकडे आली. दंड लावणारी, गाडी उचलणारी आणि पहिली हरकत ऐकणारी अशी तिन्ही कामे एकच कौन्सिल करते. ही रचना मला तेव्हाही खटकली होती आणि अजून खटकते. तिच्यावरचा उपाय म्हणजे 'लंडन ट्रायब्युनल्स', जिथे कौन्सिलशी संबंध नसलेला, कायद्याचा जाणकार अॅडज्युडिकेटर अपील ऐकतो आणि त्यासाठी नागरिकाला शुल्क पडत नाही.

माझे पहिले पत्र दीड पानांचे होते आणि ते लिहिताना मला फार समाधान वाटले होते. पार्किंगची जागा कौन्सिलने २ ते ६ ऑक्टोबर या काळासाठी बंद केली होती, त्याची पिवळी पाटी त्यांच्याच नोंदीप्रमाणे २५ सप्टेंबरला लागली, आणि त्या दिवशी मी साताऱ्यात होतो. मग जी पाटी मला दिसणेच शक्य नव्हते, तिच्यावरचा नियम मी मोडला कसा, असा माझा सगळा युक्तिवाद होता. सोबत विमानाची तिकिटे आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती जोडल्या. अशा हरकतीला कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिले नाही, तर ती मान्य झाली असे धरून पैसे परत करावे लागतात. त्यामुळे मी कॅलेंडरवर दिवस मोजत होतो. नकाराचे पत्र ४१ व्या दिवशी आले. बाहेरगावी जाणाऱ्याने गाडीवर कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगावे, असे त्यात सुचवले होते. वाचून संताप आला, पण ती कौन्सिलची नेहमीची भूमिका असल्याचे पुढे कळले. गाडी ठेवताना जागा खुली होती, एवढ्यावर नंतर लागू झालेली बंदी टळतेच असे नाही, आणि मालकाच्या अडचणीबद्दल अॅडज्युडिकेटरला कितीही सहानुभूती वाटली, तरी केवळ त्या कारणासाठी तो अपील मंजूर करू शकत नाही. फार तर सबळ कारणे असल्याची शिफारस करून प्रकरण कौन्सिलकडे फेरविचाराला पाठवू शकतो.

नकारानंतर अपिलासाठी आणखी २८ दिवस मिळतात. मी अपील दाखल केल्यावर कौन्सिलला आपला सगळा पुरावा ट्रायब्युनलकडे आणि माझ्याकडे पाठवावा लागला, आणि खरे प्रकरण तिथे उलगडले. पाटीचे छायाचित्र इतके जवळून घेतलेले होते की ती कोणत्या खांबावर आहे हे कळत नव्हते, पण अक्षरे स्वच्छ होती: घर क्रमांक ३१ ते ३५ समोरची जागा बंद. दुसऱ्या छायाचित्रात आमची गाडी होती आणि तिच्या मागे दारावर पितळी २७ हा आकडा दिसत होता. तिसरे, क्रेनवाल्यांनी गाडी उचलण्यापूर्वी घेतलेले. त्यात पाटीचा खांब आमच्या गाडीच्या दोन गाड्या मागे उभा. ही तीन चित्रे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून मी आणि सौ. बराच वेळ नुसते पाहत बसलो. तीन आठवडे तिकिटे आणि शिक्के गोळा करण्यात घालवले होते, आणि कौन्सिलची चूक कौन्सिलनेच छायाचित्र काढून जपून ठेवली होती. दारावरचा आकडा एकदाही नीट वाचला गेला नव्हता. त्यांच्याकडून नाही आणि माझ्याकडूनही नाही. मी तर रोज त्याच दारावरून चालत जातो.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन खाली उतरलो आणि २७ च्या दारापासून ३१ च्या कुंपणापर्यंतचे अंतर मोजून, नकाशा काढून, नवी छायाचित्रे जोडली. पत्र या वेळी नऊ ओळींचे झाले. साताऱ्याचा उल्लेख त्यात एका वाक्यापुरताच उरला.

सुनावणी फेब्रुवारीत फोनवर झाली आणि ती वीस मिनिटांत आटोपली. कौन्सिलतर्फे कोणी आले नव्हते. त्यांचे लेखी म्हणणे असे की, ती सगळी मिळून पार्किंगची एकच सलग पट्टी असल्यामुळे पाटी पूर्ण पट्टीला लागू होते. जागा जेवढी बंद केल्याचे पाटी सांगते तेवढीच बंद असते, आणि त्याबाहेर उभ्या असलेल्या गाडीने नियमभंग केलेलाच नाही, असे अॅडज्युडिकेटरने निकालात लिहिले. माझ्या गैरहजेरीच्या मुद्द्याचा विचार करण्याची गरजच उरली नाही, असेही त्यात होते.

निकालानंतर काही आठवड्यांनी ४६५ पाउंड खात्यात जमा झाले. त्या आवारापर्यंतच्या टॅक्सीचे भाडे मात्र माझ्याच खिशातून गेले, कारण समोरचा पक्ष पूर्णपणे अवाजवी वागला असे दाखवता आले, तरच ट्रायब्युनलमध्ये खर्च मागता येतो, आणि दारावरचा आकडा न वाचणे त्यात बसेल असे मला वाटले नाही.