डिटेक्टर तिरका केला आणि आर्गॉनमधला मिथेन गेला

माझ्या लेझरच्या मिथेन-मापकावर घरामागच्या भातशेतातला मिथेन भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतोय, असं मागच्या नोंदीत मोठ्या आनंदाने लिहिलं होतं. ते मागे घेतो. तो मिथेन नव्हताच.

गेल्या आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडून आर्गॉनचं छोटं सिलिंडर आणलं, सेल (लेझर ज्यातून जातो तो वायूचा डबा) त्याने नीट धुऊन भरला आणि दिवस-रात्र रेकॉर्डिंग लावून ठेवलं. आलेख उघडला तर आर्गॉनमध्ये, जिथे मिथेन असायलाच नको, २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भाग) आसपास मिथेन! तोही पहाटे कमी, दुपारी जास्त, आणि मध्येच पाऊस आला की खाली. थोडक्यात, गोव्यातल्या चोडण बेटावरच्या आमच्या घरामागच्या खाजनाची (खाडीला बांध घालून राखलेल्या भातशेतीची) म्हणून जी वक्ररेषा मी महिनाभर जपली होती, तीच. खूप वाईट वाटलं. त्या रात्री बॉक्सला हात लावला नाही.

सेटअप तोच आहे: १६५३.७ नॅनोमीटरचा डीएफबी (एकाच तरंगलांबीचा लेझर), ५ किलोहर्ट्झ मॉड्युलेशन (तरंगलांबी तेवढ्या वेगाने थरथरवणं), लॉक-इन १० वर (त्याच्या दुप्पट वारंवारतेचा सिग्नल तेवढा वेचतो, त्यालाच टू-एफ म्हणतात), दोन आरशांच्या २० सेंमीच्या हेरियट सेलमध्ये ३० फेऱ्या, म्हणजे ६ मीटर. साध्या हवेत मिथेन १.९ पीपीएमच्या आसपास असतो. ६ मीटरमध्ये तो या रेषेवर (तो शोषतो त्या ठरावीक तरंगलांबीवर) दहा हजारांत जेमतेम चार भाग प्रकाश शोषतो. आता फ्रिंजचं, म्हणजे दोन पृष्ठभागांमध्ये मागे-पुढे परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे सिग्नलमध्ये उठणाऱ्या लाटांचं, गणित बघा. समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांनी प्रत्येकी दहा हजारांत फक्त एक भाग प्रकाश परत पाठवला, तरी फ्रिंजची शिखरापासून दरीपर्यंतची उंची दहा हजारांत चार भागच होते, कारण तिथे तीव्रता नाही, लहरी मिसळतात. म्हणजे आपल्याला हवा असलेला सिग्नल आणि हा उपद्रव एकाच मापाचे. काचेवरचं परावर्तन रोखणारं कोटिंग चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एवढं मी आता छातीठोकपणे सांगेन.

आधी संशय फायबरवर होता. कनेक्टर सगळे एपीसी (तिरक्या टोकाचे, परावर्तन टाळणारे), तरी पुन्हा पुसले. मग आरशांवरचे ठिपके एकमेकांवर चढतायत का ते आयआर कार्डने (अदृश्य लेझरचा ठिपका दाखवणाऱ्या कार्डाने) तपासलं. मग टीईसीचं, म्हणजे लेझरचं तापमान राखणाऱ्या भागाचं, सेटिंग. असे चार दिवस गेले.

सापडलं ते माझ्या मुलीमुळे. रविवारी ती शेजारी बसून ऑसिलोस्कोपवरची टू-एफची रेघ बघत होती आणि बघता बघता तिने डिटेक्टरच्या ॲल्युमिनियम ब्रॅकेटवर बोट टेकलं. म्हणाली, "बाबा, मी हात लावला की ही रेघ चालायला लागते." खरंच चालत होती! मिथेनचं शिखर जिथे असायला हवं, तिथून एक लाट सावकाश डावीकडे सरकली, तिच्यामागून दुसरी आली. बोट काढल्यावर दोन-तीन मिनिटांत सगळं हळूहळू मागे. दाबामुळे असतं तर लगेच परतलं असतं. ही बोटाची ऊब होती.

मग लेझरच्या विद्युतप्रवाहाचा स्कॅन मोठा करून लाटा मोजल्या. दर ३.३ मिलीअँपिअरला एक. माझा लेझर मिलीअँपिअरला साधारण ०.०३६ प्रति सेंमी (तरंगसंख्येचं एकक) सरकतो, म्हणजे दोन लाटांमधलं अंतर ०.११९ प्रति सेंमी. एक भागिले दुप्पट लांबी, हे सूत्र उलटं लावलं की पोकळी, म्हणजे दोन परावर्तक पृष्ठभागांमधलं अंतर, ४.२ सेंमीची येते. पट्टी घेतली आणि सेलच्या बाहेरच्या खिडकीपासून डिटेक्टरच्या टोपीवरच्या काचेपर्यंत मोजलं. ४२ मिलिमीटर. तो क्षण मी बराच काळ विसरणार नाही.

बाकीचा उलगडा ओघाने झाला. मिथेनची रेषा वातावरणाच्या दाबाला साधारण या एका लाटेएवढीच रुंद असते, म्हणून लॉक-इनला ही लाट आणि खरी रेषा यांतला फरक कळत नाही. आणि ॲल्युमिनियम १ अंश तापलं की ४२ मिलिमीटरला जवळपास १ मायक्रॉन वाढतं. अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे ०.८३ मायक्रॉनने, अंतर बदललं की फ्रिंज एक पूर्ण घर सरकते. आमच्या पडवीत दिवसभरात चार-पाच अंश फरक सहज पडतो. माझी 'भरती' ती हीच.

डिटेक्टर साधारण ८ अंश तिरका केला. ब्रॅकेटच्या एका बाजूला १ मिमीचे तीन वॉशर, बस्स. परावर्तित किरण आता बाजूच्या काळ्या कागदावर पडतो. बीम डिटेक्टरच्या मध्यावर परत आणायला मात्र संध्याकाळ गेली. आर्गॉनमधला चढउतार आधी पाऊण पीपीएम होता, आता ०.१ च्या आत आहे.

लगेच दुसरी परीक्षा घेतली. शेजारच्या काकांच्या गोबर गॅसमधून १ मिली वायू सिरिंजमध्ये घेतला, आर्गॉन भरलेल्या १ लिटरच्या बाटलीत सोडला, आणि त्या मिश्रणातला १ मिली ४०० मिलीच्या सेलमध्ये. गोबर गॅसमध्ये मिथेन ५० ते ७० टक्के धरला तर सव्वा ते पावणेदोन पीपीएम यायला हवा. आला १.४. स्वच्छ, दोन्ही बाजूंना सारखे पंख असलेली टू-एफ रेघ. काका विचारत होते, "आमच्या शेणाचा एवढा वापर?" मी त्यांना रेघ दाखवली, ते बराच वेळ बघत राहिले.

खिडक्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. वेज असलेल्या (दोन बाजू एकमेकींना किंचित तिरक्या असलेल्या) म्हणून मागवलेल्या खिडक्या सपाट निघाल्या. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पण आल्या आल्या तपासून घ्या. लेझर पॉइंटरचा किरण काचेवर टाकून परावर्तन भिंतीवर बघा. ३० आर्कमिनिटांची (अर्ध्या अंशाची) वेज असेल तर ३ मीटरवर दोन ठिपके ७-८ सेंमी लांब पडतात. माझे एकावर एक पडले. आरशांच्या बाबतीत मत पक्कं झालंय: खाडीकाठी चांदीचे नकोतच. दुसऱ्याच पावसाळ्यात कडा काळ्या पडल्या. सोन्याचा थर घ्या, महाग पडला तरी.

पुढची योजना आर्गॉन-शून्य (सेलमध्ये आर्गॉन भरून शून्य तपासणं) दर तासाला घेण्याची होती. पण हे लिहिताना क्युरिऑसिटी आठवलं. मंगळावरच्या त्या यानाच्या लेझर स्पेक्ट्रोमीटरमध्ये मुख्य सेलच्या आधीच्या कक्षात पृथ्वीवरची हवा उरली होती आणि तिच्यातला मिथेन हिशेबातून वगळावा लागला. माझ्याही सेलबाहेर १० सेंमी हवा आहे. ६ मीटरच्या मानाने ती ०.०३ पीपीएम भरते, आज चालेल. पण उरलेल्या ०.१ मध्ये अजून एखादी लहान फ्रिंज नक्की आहे, आणि तासातासाला आर्गॉन घालवण्यापेक्षा तिलाच हलवत ठेवणं बरं. बझरची पिझो चकती (वीज दिली की थरथरणारी) डिटेक्टरमागे चिकटवायची आणि अंतर एक-दोन मायक्रॉनने सतत थरथरवायचं. फ्रिंज सरासरीत पुसली जाईल, मिथेनची रेषा जागेवर राहील. म्हणजे आर्गॉन दिवसातून एकदाच.

हे पीक उभं असतानाच जमवायचंय. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमुळे खाऱ्या चिखलात मिथेन कमी तयार होतो. पावसाने मीठ धुतलं जाऊन भात उभं राहतं, तेव्हा तो किती वाढतो ते मला बघायचंय. कापणीनंतर मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पुन्हा खारं पाणी आत घेतील, त्याआधी बांधावर बॉक्स ठेवून निदान आठ रात्री मिळायला हव्यात. उद्या पहिल्या फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीला जातो, चकत्या घेऊन येतो.