सगळ्यांचं पाप कुणी सांगायचं?

शुक्रवार, 20 मार्च 2026. वसई.

संध्याकाळी क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या प्रार्थनेला, चर्च भरलं होतं. चौदा स्थानं, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकायचे. बाराव्यापर्यंत माझे गुडघे बोलायला लागतात. घरी येऊन वाटाण्याची उसळ आणि चपाती. चर्चच्या नियमाने आज मांस वर्ज्य, मासळी चालते. आमच्याकडे आई होती तेव्हापासून ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मासळीही नाही. आणि पापलेटाचे भाव बघता, चिकन सोडून पापलेट खाण्याला त्याग म्हणायला माझी तरी जीभ धजत नाही.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, 18 फेब्रुवारीला, बायबलातल्या योएल संदेष्ट्याचं वाचन झालं. ‘वस्त्रे नव्हे तर हृदये फाडा’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं, प्रवचनही बहुधा तेवढ्यावरच होतं. त्याच वाचनात थोडं पुढे काय आहे? शिंग फुंका, सभा बोलवा, म्हाताऱ्यांना आणा, अंगावर पिणारी पोरं आणा, नवरानवरीलाही खोलीतून बाहेर काढा. योएलाचा पश्चात्ताप अख्ख्या गावाचा आहे. आपण तो एकेकट्याचा करून टाकला. फादरांपुढे पापनिवेदनाच्या रांगेत उभं राहायचं आणि आपापलं सांगून मोकळं व्हायचं: राग आला, खोटं बोलले, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना चुकवली. त्याची गरज आहेच. पण जे पाप कुणा एकाचं नसतं, ते कुणी सांगायचं?

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते एकदा सांगितलं. 12 मार्च 2000, उपवासकाळाचा पहिला रविवार. रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात त्यांनी चर्चच्या लेकरांनी शतकानुशतकं केलेल्या पापांची उघड क्षमा मागितली: सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती, यहुद्यांवरचा अन्याय, स्त्रियांची मानहानी. थकलेला, थरथरणारा माणूस, जी पापं त्याने स्वतः केली नव्हती त्यांच्यासाठी क्षमा मागत होता.

आमच्या भागात अशी यादी केली तर पहिलं नाव जातीचं येईल. सामवेदी, वाडवळ, कोळी, सगळे एकाच पाण्याने बाप्तिस्मा झालेले. सोयरीक निघाली की मात्र पहिला प्रश्न, ‘आपल्यातलीच ना?’ हल्ली पोरं ऐकत नाहीत हे देवाचे उपकार. दलित ख्रिस्ती कुटुंबाचं स्थळ आलं तर तो प्रश्नही कुणी विचारत नाही, गप्प बसतात. भारतातल्या बिशपांनी 2016 साली दलितांविषयीच्या धोरणात अस्पृश्यतेला गंभीर सामाजिक पाप म्हटलं. त्यावर एखादं प्रवचन ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

यंदा 8 मार्चच्या मिस्सेत शोमरोनी बाईचं शुभवर्तमान होतं. जिच्या हातचं पाणी यहुद्याने घेऊ नये, तिच्याकडे येशू विहिरीवर पाणी मागतो. आणि आज 20 मार्च. 1927 साली याच तारखेला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. या दोन पाण्यांची सांगड महाराष्ट्रातल्या चर्चनी घालायची नाही तर कुणी? क्रूसाच्या वाटेवर येशूचं वस्त्र काढून घेतात त्या दहाव्या स्थानाशी आज मी एवढाच विचार करत होते. प्रार्थनेत लक्ष नव्हतं म्हटलं तरी चालेल.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधी सामुदायिक प्रायश्चित्त विधी आहे. त्यातल्या आत्मपरीक्षेचे प्रश्न या वेळी आमच्या गटाने लिहायचे आहेत. मोबाइल, दारू, शेजाऱ्याशी अबोला हे प्रश्न दरवर्षीचेच, ते राहू देत. मी दोन नवे लिहिले. ‘आपल्या घरात स्थळ ठरवताना जात कितव्या वाक्याला निघाली?’ आणि ‘ती निघाली तेव्हा घरातलं कोण कोण गप्प बसलं?’ कागद उद्या सकाळच्या मिस्सेनंतर फादरांकडे देणार आहे. पहिला प्रश्न ते ठेवतील असं वाटतं. दुसऱ्यावर चर्चा होईल.